इथे ऊन फार होतं

१

बुधवारी सकाळी हाटकेशच्या एका औद्योगिक गाळ्यात दुर्गाने हार्ड डिस्क यंत्राला जोडली आणि चित्रपट सुरू झाला. पडद्यावर मिठागर आलं, मिठाच्या ढिगाआडून एक बाई आली, खाडीवरचा वारा आला. फक्त ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता तो आवाज काही आला नाही. दुर्गाने कानावरचा हेडफोन काढून पुन्हा घातला. मग मागच्या केबिनकडे पाहून ती म्हणाली, "जितेशभाई, सरांची कॉमेंटरी न्हाय यात."

जितेशचा धंदा जुन्या मराठी चित्रपटांच्या साफसूफ केलेल्या डिस्क काढण्याचा. आता सगळं मोबाईलवर फुकट दिसत असताना डिस्क कोण घेतो, असं कुणीही विचारेल. पण घेणारे घेतात. त्यांना डिस्कवर काहीतरी जास्तीचं हवं असतं, म्हणजे दिग्दर्शकाची कॉमेंटरी. चित्रपट चालू ठेवायचा आणि दिग्दर्शक जसा काही आपल्या शेजारी बसून सांगतोय की हे असं का केलं, ते तसं कसं झालं. यात जितेशचं नशीब फुटकं होतं. त्याच्या आधीच्या डिस्कवर एका दिग्दर्शकाने चित्रपटभर जेवणाच्या कंत्राटदाराचं कौतुक केलं होतं, तर दुसरा मध्यंतरानंतर चक्क घोरला होता. शौकीन मंडळींनी इंटरनेटवर जितेशची सालटी काढली होती. तेव्हा 'खाजणवाट'च्या वेळी तरी नाक वर करता येईल, अशी त्याला आशा होती.

'खाजणवाट' नवघरमागच्या मिठागरांत चित्रित झाला त्याला आता जमाना झाला. त्याचे दिग्दर्शक उत्तम शिवलकर इंद्रलोकमध्ये राहत. इमारतीत त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी रविवारी कॉमेंटरी सांगितली होती आणि ती या डिस्कमध्ये होती. एकच प्रत. मागे एक चित्रपट बाहेर फुटल्यापासून यंत्रावर काही शिल्लक ठेवायचं नाही, असा जितेशचाच नियम होता.

डिस्क कुणीतरी बदलली होती हे उघड होतं, आणि ज्या कपाटात ती ठेवली होती त्याची किल्ली दुर्गाकडे होती. जितेशने तिच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पाहिलंच नाही.

२

दुपारी जितेशने उर्मिला नाचणकरांना बोलावलं. उर्मिलाताई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. खोटे दावे पकडण्यात त्यांची हयात गेलेली. इंद्रलोकमध्ये कुणाचा पाण्याचा मीटर कोण फिरवतं इथपासून कुणाची सून खरोखर माहेरी गेली आहे की नाही इथपर्यंत त्यांनी तड लावली होती. शिवाय त्या भाऊंच्या शेजारीण. रविवारी भाऊंच्या पत्नी सुगंधावहिनी बहिणीकडे बारशाला गेल्या म्हणून भाऊंना रिक्षाने गाळ्यात आणायचं काम याच ताईंनी केलं होतं, आणि रेकॉर्डिंगभर काचेबाहेरच्या सोफ्यावर त्या बसूनही होत्या.

"ताई, मैं क्या बोलूँ," जितेश म्हणाला. "शनिवारपर्यंत मिळाली तर ठीक. नाहीतर पोलीस. दुर्गाला मी बहीण मानली होती हो."

दुर्गा नवघरची. नवरा गेलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. आवाजाच्या कामात तिला दुसरं कोण घेणार होतं? आणि चोरीचा शिक्का बसल्यावर तर साधं झाडू मारायलाही कुणी उभं केलं नसतं. हे सगळं उर्मिलाताईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी पहिलं काम केलं ते असं, की दुर्गाची पिशवी मागितली आणि टेबलावर सगळ्यांसमोर उपडी केली.

डबा, छत्री, सासूच्या गोळ्या, कागदात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड. ते पॅड घरंगळत जितेशच्या पुढ्यात जाऊन थांबलं. जितेशने मान फिरवली. दुर्गा पुढे झाली. तिने एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली, आणि पॅड सगळ्यात शेवटी उचललं. ताईंना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण त्या दावे तपासणाऱ्या बाई होत्या, त्यांना माफी मागायची सवय नव्हती.

"मी न्हाय घेतली," दुर्गा दारातून म्हणाली. तेवढंच.

३

डिस्क नाहीशी होण्यात कुणाचं भलं होतं? उर्मिलाताईंनी आपला जुना प्रश्न पुढे केला, आणि उत्तरं जरा जास्तच मिळाली. कारण रविवारी रेकॉर्डिंग संपल्या संपल्या जितेशने उत्साहाच्या भरात मोबाईलवर जाहीर करून टाकलं होतं, की 'खाजणवाट'ची आजवर दडलेली सगळी गुपितं खुद्द दिग्दर्शकांच्या तोंडून ऐका. ते वाचून दोन माणसं हादरली होती. दोघंही त्या संध्याकाळी पूजेला गाळ्यात हजर होती.

पूजा म्हणजे आपल्या सिनेमावाल्यांची जुनी खोड. पूर्वी रिळांचे डबे कारखान्यात पाठवण्याआधी त्यांना हळदकुंकू लावायचे. रिळं गेली, डबे गेले, खोड तेवढी राहिली. तेव्हा तळहाताएवढी काळी हार्ड डिस्क ताटात ठेवून तिला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या, भाऊंना शाल दिली, उंबऱ्याशी नारळ फुटला, आणि भाऊंनी डिस्क तिच्या खोक्यात ठेवून ते दुर्गाच्या हाती दिलं. जितेशने या सगळ्याचा फोटो काढला होता.

पहिला संशयित चंदन, 'खाजणवाट'च्या दिवंगत निर्मात्याचा मुलगा. नारळ त्याने फोडला होता. त्याने फार आढेवेढे न घेता सांगून टाकलं की त्याचे वडील चित्रीकरणाच्या जागी एकदाही फिरकले नव्हते, आणि तो मात्र जन्मभर लोकांना वडिलांच्या मिठागरातल्या तपश्चर्येच्या गोष्टी सांगत आला. डिस्क हरवल्याचं ऐकून त्याला बरं वाटलं होतं. हे बोलताना तो चाळिशी ओलांडलेला माणूस नखं कुरतडत होता.

दुसरी शुभदा, चित्रपटाची नायिका. ती आता मीरा रोडला मुलीकडे असते. तिने ताईंना चहा दिला, स्वतःच्या कपाला मात्र हात लावला नाही.

"मिठागरातलं ते लांबलचक चालणं आहे ना," ती म्हणाली, "ज्याच्यासाठी मला पारितोषिक मिळालं, ते मी चालले नाही. मला मीठ झोंबलं, पाय सोलले, मी गाडीत जाऊन बसले. भाऊंनी तिथल्याच एका कामकरी बाईला माझं लुगडं नेसवून पाठमोरी चालवली. तिचं नावही मी विचारलं नाही. लोक आजही माझ्या पायांकडे बघून नमस्कार करतात हो."

"मग डिस्क तुम्ही घेतली?"

"घ्यावीशी वाटली होती," शुभदा म्हणाली. "पण धीर कुठला?"

उर्मिलाताई बाहेर पडल्या तेव्हा त्यांना एकच कळलं होतं, की दुसऱ्यांची लाज चाळत फिरणं हे काही फार अभिमानाचं काम नव्हे. आणि दुर्गाची सुटका काही त्याने होत नव्हती, कारण किल्ली अजूनही तिच्याच कमरेला होती.

४

गुरुवारी त्या पुन्हा गाळ्यात गेल्या आणि म्हणाल्या, मला खोकं दाखवा. आतापर्यंत सगळ्यांनी डिस्कच पाहिली होती, खोक्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

खोकं साधं होतं. आत पांढऱ्या स्पंजची गादी, डिस्कच्या मापाने कोरलेली. ताईंनी ते खिडकीपाशी नेलं, गादी बोटाने दाबली, काठ उचकटून पाहिले. मग जितेशच्या मोबाईलवरचा पूजेचा फोटो मोठा करून बघितला. ताटातल्या डिस्कवर कुंकवाचं ओलं बोट उठून दिसत होतं, एक ओघळ कडेपर्यंत उतरला होता. आणि खोक्यातली गादी दुधासारखी पांढरी.

"जितेश, कपाटातून डिस्क कुणीही चोरू शकलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण त्याआधी ती या खोक्यात बसायला हवी होती. ओलं कुंकू लावलेली वस्तू या गादीत तीन रात्री राहिली असती, तर डाग पडला असता की नाही? पूजेतली डिस्क या खोक्यात गेलीच नाही. कपाटात गेली ती दुसरी, कोरडी. आता सांग, दुर्गाच्या किल्लीचा संबंध कुठे येतो?"

जितेशने गादीवरून बोट फिरवून पाहिलं. "पण त्यात पिक्चर तर आहे ना ताई? फक्त कॉमेंटरी गायब."

"अशी नुसत्या पिक्चरची डिस्क तू आणखी कुणाला दिली होतीस?"

 उत्तर जितेशला ठाऊक होतं, पण जीभ रेटेना. कॉमेंटरीआधी घरी उजळणी व्हावी म्हणून तशीच एक डिस्क त्याने पाठवली होती. ती रविवारी परत आणतो असं त्या माणसाने सांगितलं होतं. मग पूजेच्या गडबडीत मागायचं राहून गेलं.

ताईंना मग रविवारची संध्याकाळ लख्ख आठवली. चंदन नारळ फोडायला उंबऱ्याशी गेला तेव्हा सगळे उठून दाराकडे गेले होते, त्यासुद्धा गेल्या होत्या. गुडघ्यांमुळे फक्त एकजण ताटासमोर बसून राहिला होता, मांडीवर नवी शाल घेऊन. आणि खोकंही त्यानेच बंद करून दिलं होतं.

आणि दुसरी एक गोष्ट आठवली. सोमवारी लिफ्टमध्ये सुगंधावहिनींनी विचारलं होतं, की भाऊंच्या मानाच्या शालीला आतल्या घडीत कुंकू लागलंय, ते कशाने निघेल? ताईंनी लिंबू सुचवलं होतं.

५

भाऊ खिडकीपाशी बसले होते. उर्मिलाताई आल्या, बसल्या, आणि एवढंच म्हणाल्या की दुर्गाला परवा पोलिसांत देणार आहेत. भाऊंनी मान हलवली. मग उठून त्यांनी कपाट उघडलं आणि शालीखालून डिस्क काढून टेबलावर ठेवली. कुंकू वाळून तिच्या फटीत बसलं होतं.

सुगंधावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी डिस्ककडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या आत निघून गेल्या. भाऊ त्यांच्या मागे पाहत राहिले. ताईंनी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं पकडली होती, पण पकडल्यावर इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"असं काय सांगून बसलात त्यात?" ताईंनी विचारलं. "शुभदाचं? चंदनच्या वडिलांचं?"

"तुम्ही होतात ना तिथे," भाऊ म्हणाले.

 ताई होत्या खऱ्या. पण गाळ्यात वातानुकूलन होतं आणि जेवण झालेलं होतं.

"काहीच नाही सांगितलं, उर्मिलाताई. त्यात काहीच नाही." भाऊंनी चष्मा काढून हातात धरला. "रेकॉर्डिंगचा दिवा लागला, चित्रपट सुरू झाला, आणि जे आठवत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. कुणाची ना कुणाची लाज होती त्यात. जे सांगण्यासारखं, ते आठवेना. मग मी बोलत सुटलो. इथे ऊन फार होतं. इथे चहा उशिरा आला. ही म्हैस गावातल्या पाटलांची. चित्रपट संपेपर्यंत हेच. लोक या चित्रपटावर प्रबंध लिहितात हो, मोठमोठे अर्थ काढतात. मी जन्मभर मान डोलावत आलो. आणि शेवटी त्यांच्या हातात काय द्यायचं, तर म्हैस?"

"मग तेव्हाच सांगायचं, पुन्हा करू म्हणून."

"सगळे म्हणाले, फार छान झालं. त्यावर जितेशने ती जाहिरात टाकली. गुपितं म्हणे. मला घाम फुटला. सगळे नारळाकडे गेले, परत द्यायची डिस्क पिशवीत होतीच. हात कसा गेला मला कळलं नाही." ते थांबले. "पण नंतरचं सगळं कळत होतं. बुधवारी जितेशने फोन करून सांगितलं, दुर्गावर संशय आहे. मी म्हणालो, अरेरे. एवढंच म्हणालो. काल रात्रीही फोन उचलून ठेवून दिला. माझं हसं होऊ नये म्हणून त्या पोरीला चोर होऊ दिलं मी. चोरी एकवेळ सोडा, याची लाज कुठे ठेवू?"

 उर्मिलाताईंच्या डोळ्यांसमोर टेबलावर उपडी केलेली पिशवी आली. त्या एवढंच म्हणाल्या, की लाज वाटायला तुम्ही एकटेच नाही भाऊ.

६

शनिवारी गाळ्यात सगळे जमले. जितेश, चंदन, शुभदा, उर्मिलाताई. दुर्गा सगळ्यात शेवटी आली आणि दारापाशीच उभी राहिली. भाऊंनी सुगंधावहिनींचा हात धरून उभ्यानेच सगळं सांगितलं. कुठे पळवाट ठेवली नाही. शेवटी दुर्गाकडे वळून त्यांनी हात जोडले.

मग जे व्हायचं तेच झालं. इतक्या मोठ्या माणसाने हात जोडलेले बघून सगळे घाईघाईने पुढे धावले. चंदनने खुर्ची सरकवली, जितेश म्हणाला, सर, जाने दो ना, डिस्क मिळाली, विषय संपला. दुर्गाकडे अर्धवट वळून त्याने, सोमवारपासून ये गं, असंही म्हणून टाकलं. उर्मिलाताई तेवढ्या दाराकडे गेल्या.

"दुर्गा, त्या दिवशी तुझी पिशवी मी..."

"ते नंतर, ताई," दुर्गा म्हणाली. मग ती जितेशला म्हणाली, "मला ही डिस्क लावायची हाय. हितंच. सगळ्यांसमोर. जे चोरलं म्हणून माझं नाव गावभर झालं, ते काय हाय ते ऐका तरी."

कुणालाच ते नको होतं, पण नाही म्हणायला कुणाकडे तोंड नव्हतं. दुर्गाने डिस्क जोडली आणि दिवे मंद केले.

आणि ते सगळे 'खाजणवाट' बघत, भाऊंचा आवाज ऐकत बसले. उन्हाबद्दल, चहाबद्दल, म्हशीबद्दल. मधे लांबलांब शांतता, त्यात भाऊंचा श्वास तेवढा ऐकू येई. पाठमोरी बाई मिठागरातून चालत निघाली तेव्हा शुभदाने पदर तोंडाला लावला. आवाज म्हणाला, "इथे ऊन फार होतं." बाई पडद्यावरून निघून गेली तरी त्याने पुढे काही सांगितलं नाही. निर्मात्याचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, "हे भले गृहस्थ होते." चंदन खाली मान घालून बसला होता. खुर्चीतले भाऊ डोळे मिटून होते, आणि वहिनींनी त्यांचा हात सोडला नव्हता.

चित्रपट संपला. पडदा काळा झाला. जितेश दिवे लावायला उठला, पण दुर्गाने हाताने त्याला थांबवलं. माईक त्या दिवशी लगेच बंद झाला नव्हता.

काळ्या पडद्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुर्गाचा. "सर, दमल्यासारखे वाटताय. जरा पाणी प्या. आपण पुन्हा एकदा करूया का?"

"पुन्हा?" हा जितेश. "अगं काय पुन्हा? सोनं आहे सोनं! सर, जबरदस्त. कडक!"

आणि मग एका बाईचा आवाज, जरा घोगरा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. "भाऊ, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं हो. किती बारकावे सांगितलेत."

उर्मिलाताईंना हा आवाज ओळखायला क्षणभर लागला. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. ओळखल्यावर मात्र कान तापले, मान तापली, आणि त्यांना वाटलं आपण आत्ता इथे या सोफ्यात नसतो तर फार बरं झालं असतं. हे आपण बोललो होतो, ते त्या साफ विसरल्या होत्या. लक्षात ठेवण्याइतकं ते त्यांना महत्त्वाचं कधी वाटलंच नव्हतं, मोठ्या माणसाला असं म्हणायचंच असतं. आणि त्या खोलीत एकटीने खरं बोललेल्या बाईची झडती त्यांनी तिसऱ्या दिवशी घेतली होती.

"मग राहू दे," आवाजातले भाऊ म्हणाले. "सगळे म्हणताहेत तर झालं असेल चांगलं."

तिथे रेकॉर्डिंग संपलं. दुर्गाने दिवे लावले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बाहेर शेजारच्या गाळ्यात पत्रा कापण्याचं यंत्र सुरू झालं आणि थोड्या वेळाने थांबलं.

दुर्गाने नवी फाईल उघडली, माईकची वायर तपासली आणि भाऊंच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"सर, पुन्हा करूया का?"

भाऊंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. जितेशने ओठ हलवले आणि मिटून घेतले. उर्मिलाताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"नको दुर्गा," भाऊ म्हणाले. "मला नाही जमणार ते."

"बरं," दुर्गा म्हणाली, आणि तिने माईक बंद केला.